कुठल्या भाषेत मोजायचं ऐकणं?

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या पद्मशाली घरात मूल जन्मलं की त्याच्या कानावर आधी तेलुगू पडते. अंगणवाडीत मराठी सुरू होते. शेजारी अक्कलकोटकडचे असतील तर कन्नड, बाजारात गेलं की दख्खनी. पाच वर्षांचं पोर कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे न शिकवता शिकतं. आता हेच मूल जन्मतः बहिरं असेल, वेळेत निदान होऊन त्याला कॉक्लिअर इम्प्लांट बसलं असेल, तर वर्षभरानं त्याला किती ऐकू येतं हे तपासायला कुठल्या भाषेतले शब्द घ्यायचे? वरवर पाहता ही तपशिलाची बाब वाटते. पण इम्प्लांटनंतर जे काही मोजलं जातं, त्या सगळ्याची किंमत शेवटी याच प्रश्नावर ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी इम्प्लांट नेमकं काय करतं ते पाहू. साधं श्रवणयंत्र बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडतं. त्यासाठी आतला कान थोडाफार तरी शाबूत असावा लागतो. आतल्या कानात शंखाच्या आकाराची कॉक्लिआ असते आणि आवाजाच्या कंपनाचं मज्जातंतूला कळेल अशा संदेशात रूपांतर करणाऱ्या मुख्य केशपेशी तिच्यात जेमतेम साडेतीन हजार असतात. या पेशी नसतील किंवा निकामी असतील, तर कितीही मोठा आवाज पोहोचवून काही होत नाही. मात्र अशा बहुतेक मुलांची श्रवणाची नस जागेवर असते. तिच्यात सुमारे तीस हजार तंतू असतात. इम्प्लांट केशपेशींना वगळून थेट या नसेला विजेचे बारीक ठोके देतं. कानामागच्या प्रोसेसरमधला मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रोसेसर त्याची उंच-खालच्या पट्ट्यांत विभागणी करतो, चुंबकानं डोक्याला चिकटलेली कॉइल तो संदेश कातडीखालच्या भागाला देते आणि कॉक्लिआत सरकवलेल्या तारेवरचे इलेक्ट्रोड नसेला चेतवतात. इलेक्ट्रोड किती? कंपनीनुसार बारा, सोळा किंवा बावीस. हजारो ताण्यांच्या जेकॉर्ड चादरीवरची नक्षी बावीस धाग्यांत विणून दाखवा, असं सोलापूरच्या विणकराला सांगण्यासारखं हे आहे. नक्षी ओळखू येते, पण ती ओळखायचं काम पाहणाऱ्यावर, म्हणजे इथं मेंदूवर पडतं.

हे यंत्र जगात टिकलं ते मोजमापामुळे. 1957 साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिए यांनी नसेला विजेनं चेतवून एका रुग्णाला आवाजाची जाणीव करून दिली. 1961 मध्ये लॉस एंजलिसच्या विल्यम हाउस यांनी रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढची पंधरा वर्षं बहुतेक शास्त्रज्ञांचं म्हणणं एकच होतं: एका इलेक्ट्रोडनं माणसाला बोलणं समजणं शक्य नाही, तेव्हा हा खेळ थांबवा. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रॉबर्ट बिल्गर यांना त्रयस्थपणे तपासणी करायला सांगितलं. त्यांनी इम्प्लांट वापरणाऱ्या 13 जणांच्या कसून चाचण्या घेतल्या आणि 1977 मध्ये अहवाल दिला. नुसत्या इम्प्लांटवर या लोकांना बोलणं समजत नव्हतं, विरोधक तेवढ्यापुरते बरोबर होते. पण इम्प्लांट चालू असताना त्यांना ओठ वाचणं जास्त चांगलं जमत होतं, स्वतःच्या आवाजावर त्यांचा ताबा वाढला होता आणि आयुष्य सुधारल्याचं ते सांगत होते. कोणती चाचणी लावली यावर उत्तर ठरतं, हा धडा या क्षेत्राला इथंच मिळाला. त्या अहवालानंतर संशोधनाला पैसा मिळू लागला.

1978 मध्ये मेलबर्नच्या ग्रॅमी क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट रॉड सॉन्डर्स या रुग्णाला बसवलं. क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दुकानात गिऱ्हाइकांसमोर होणारी त्यांची अडचण मुलानं लहानपणापासून पाहिली होती. सॉन्डर्सना लय कळते, सूर कळतात, हे आधी दिसलं. पण खरा निकाल लागला तो ओठ न दाखवता वाचलेले, आधी न सांगितलेले शब्द त्यांना ओळखता आले तेव्हा. क्लार्क, व्हिएन्नाच्या इंगेबोर्ग होखमायर आणि अमेरिकेचे ब्लेक विल्सन यांना 2013 चा लास्कर पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. आपल्याकडे मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली आणि 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, त्याला सगळे ‘स्विच-ऑन’च म्हणतात. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये या क्षणी मूल हसतं, आई रडते. प्रत्यक्षात बरीच मुलं दचकतात, रडतात किंवा काहीच करत नाहीत. जन्मतः बहिऱ्या मेंदूला ‘आवाज’ ही गोष्टच ठाऊक नसते. त्या दिवशी त्याचं ‘ऐकण्याचं वय’ शून्य असतं. तीन वर्षांचं मूल आणि सहा महिन्यांचं ऐकण्याचं वय, अशी दोन वयं पुढं बरोबर चालतात आणि प्रत्येक चाचणीचा निकाल या दुसऱ्या वयाशी ताडून पाहायचा असतो. शेजारच्या त्याच वयाच्या पोराशी तुलना करणाऱ्या नातेवाइकांना हे समजावताना आईबापांच्या नाकी नऊ येतात.

मग मॅपिंग सुरू होतं. प्रत्येक इलेक्ट्रोडवर किती वीज दिली की जेमतेम जाणवतं आणि किती दिली की मोठं पण सुसह्य वाटतं, या दोन पातळ्या ठरवायच्या. मोठी माणसं बोलून सांगतात. दीड वर्षाचं मूल कसं सांगणार? म्हणून यंत्राकडूनच काही उत्तरं घेतली जातात. इलेक्ट्रोडचा रोध तपासतात, नसेकडून परत येणारा विद्युत प्रतिसाद नोंदवतात. यावरून नस प्रतिसाद देते आहे हे कळतं आणि पातळ्यांचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. नसेनं प्रतिसाद दिला म्हणजे मुलानं ऐकलं असं होत नाही.

त्यानंतरची चाचणी आवाजबंद खोलीत होते. इथं हेडफोन चालत नाहीत, कारण ऐकणारा मायक्रोफोन कानामागं आहे. मुलाला स्पीकरसमोर साधारण एक मीटरवर बसवतात. एकसुरी स्वर खोलीच्या भिंतींवरून परतून कुठं दुप्पट, कुठं नाहीसा होतो, म्हणून किंचित थरथरणारे स्वर वापरतात. मुलाच्या हातात प्लास्टिकचा ठोकळा देतात. तो गालापाशी धरायचा आणि आवाज आला की डब्यात टाकायचा. पहिल्या काही वेळा थेरपिस्ट त्याचा हात धरून टाकायला लावते, मग सोडून देते. स्वर हळू हळू बारीक होत जातो. मूल मान तिरकी करतं, हात अर्धवट खाली येतो, थांबतो. मध्येच मुद्दाम शांतता ठेवतात, कारण काही मुलं खेळाच्या नादात आवाज नसतानाही ठोकळा टाकतात आणि ते पकडलं नाही तर सगळा आलेख खोटा येतो. पाच-सहा उंचींवर हे केलं की ऑडिओग्राम तयार. चांगल्या बसलेल्या इम्प्लांटमध्ये रेषा साधारण 20 ते 35 डेसिबलच्या पट्ट्यात येते. शस्त्रक्रियेआधी 90 डेसिबललाही न हलणारं मूल आता कुजबुजीच्या आसपासचा आवाज टिपतंय!

इथंच घोटाळा होतो. आईबाप तो कागद घरी आणतात, रेषा जवळपास नॉर्मल दिसते, मग मूल बोलत का नाही म्हणून हैराण होतात. कोणी म्हणतं आळशी आहे, कोणी म्हणतं शाळा वाईट. पण इम्प्लांट लावून काढलेला ऑडिओग्राम मुख्यतः मायक्रोफोन आणि पातळ्या नीट बसवल्या आहेत की नाहीत, एवढंच सांगतो. जेमतेम जाणवण्याची पातळी ऑडिओलॉजिस्टनं स्वतःच ठरवलेली असते, तेव्हा रेषा तिथं येणारच. ‘पान’ आणि ‘कान’ यांतला फरक त्या मेंदूला कळतो का, याचा त्या कागदावर मागमूस नसतो. या रेषेला मी यंत्राचा दाखला म्हणेन, मुलाचा नव्हे.

मुलाचं मोजायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात. नॉर्मन एर्बर यांनी सांगितलेल्या चार पायऱ्या आजही सगळीकडे वापरतात: आवाज आहे की नाही हे कळणं, दोन आवाज वेगळे आहेत हे कळणं, आवाज कशाचा ते ओळखणं आणि ऐकलेल्याचा अर्थ समजणं. चौथी पायरी आली म्हणजे ऐकणं आलं. ‘तुझं नाव काय?’ या प्रश्नावर ‘नाव काय’ असं मूल म्हणालं तर ते तिसऱ्या पायरीवर आहे, नाव सांगितलं तर चौथ्या.

या पायऱ्या तपासायला शब्द लागतात. लहान मुलासमोर चित्रं मांडतात आणि तोंड झाकून एक शब्द म्हणतात. चार चित्रांतून एक निवडायचं असेल तर काहीच न ऐकणारं मूलही अंदाजानं पंचवीस टक्के मिळवतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. सगळी चित्रं वेगवेगळ्या लांबीच्या शब्दांची असली, म्हणजे ‘कान’, ‘केळी’, ‘विमान’, ‘आगगाडी’, तर मूल नुसत्या लयीवरून ओळखतं. ‘पान’, ‘कान’, ‘मान’, ‘दान’ समोर ठेवले की मग खरी परीक्षा. चित्रं काढून नुसतं ‘मी म्हणेन ते म्हण’ असं केलं की आणखी अवघड.

गुणांचा अर्थ लावतानाही सावध राहावं. पंचवीस शब्दांच्या यादीत एका शब्दाला चार टक्के. मागच्या वेळी पंधरा आले, या वेळी अठरा आले, म्हणजे साठाचे बहात्तर टक्के झाले म्हणून पेढे वाटायची घाई नको. एवढा फरक एकाच दिवशी दोनदा चाचणी घेतली तरी पडू शकतो. उलट तीन शब्द कमी आले म्हणून मूल मागं गेलं असंही धरू नये. तीन-चार तपासण्यांची दिशा पाहावी.

आता भाषेकडे. शब्दांची यादी कशीही करून चालत नाही. शब्द लहान मुलाच्या ओळखीचे हवेत आणि त्या भाषेतले ध्वनी जितक्या प्रमाणात रोजच्या बोलण्यात येतात तितक्याच प्रमाणात यादीत आलेले हवेत. मराठीत अभ्यासकांनी अशा याद्या बांधल्या आहेत. 1983 पासून मुंबईत असलेली अली यावर जंग संस्था या क्षेत्रातलं आपलं मोठं केंद्र. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था त्याहूनही जुनी, 1965 ची. तिथं कन्नडमध्ये बरंच काम झालं आहे. सोलापूरची गोष्ट अशी की इथलं एकच मूल या दोन्ही संस्थांच्या याद्यांच्या मधल्या जागेत राहतं, आणि त्याची आजी तिसऱ्याच भाषेत बोलते.

एक उदाहरण घ्या. तेलुगू बोलणाऱ्या घरातलं मूल ‘घोडा’ ऐकून ‘गोडा’ म्हणालं. मराठी यादीत हा शब्द चुकला म्हणून खूण होणार. पण त्याच्या घरात रोजच्या बोलण्यात महाप्राण ध्वनी सैल पडतात, त्याची ऐकू येणारी आईही ‘गोडा’च म्हणते. मग चूक कानाची की घरच्या बोलीची? तपासणाऱ्याला घर ठाऊक नसेल तर तो इलेक्ट्रोडच्या पातळ्या बदलत बसेल. उलट बाजूनंही फसगत होते. कन्नडमध्ये ‘कोडु’ मधला ओ ऱ्हस्व म्हटला तर अर्थ ‘दे’, दीर्घ म्हटला तर ‘शिंग’. तेलुगूतही ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत. मराठीत हा भेदच नाही. म्हणजे मराठी यादीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाला त्याच्या मातृभाषेतला एक अख्खा भेद ऐकू येतो की नाही, हे आपण तपासलेलंच नसतं. दुसरीकडे ‘काल’ आणि ‘काळ’, ‘पात’ आणि ‘पाट’ हे भेद या तिन्ही भाषांना लागू पडतात. असे सामाईक भेद वेचून सोलापूरसाठी चित्रांचा एक संच सहज करता येईल.

भाषेच्या या अडचणीतून बऱ्याच अंशी सुटलेली एक चाचणी आहे आणि ती घरी रोज करता येते. डॅनियल लिंग यांनी सुचवलेले सहा ध्वनी: म्‌, ऊ, आ, ई, श्‌, स्‌. बोलण्यातली खालपासून वरपर्यंतची जवळजवळ सगळी पट्टी या सहांत येते. ‘म्‌’ सगळ्यात खाली, सुमारे 250 हर्ट्झ. ‘श्‌’ मधल्या-वरच्या पट्टीत. ‘स्‌’ सगळ्यात वर, 4000 हर्ट्झच्या पुढं. सकाळी प्रोसेसर चढवला की मुलाच्या मागं किंवा बाजूला बसा. तोंडावर हात घट्ट धरू नका, आवाज दबतो. भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ कापड ताणून ती तोंडासमोर धरली तर ओठ झाकतात आणि आवाज जातो. ध्वनी क्रमानं म्हणू नका, ठरावीक अंतरानंही म्हणू नका, नाहीतर मूल पाठ करतं. आधी जवळून, मग तीन मीटरवरून. ऐकून त्यानं तोच ध्वनी परत म्हटला तर उत्तम, लहान असेल तर ठोकळा टाकला तरी चालेल.

दोन मिनिटांची ही कसोटी यंत्रातला बिघाड सगळ्यात आधी पकडते. कालपर्यंत येणारा ‘स्‌’ आज गेला तर आधी मायक्रोफोनचं आवरण पाहा. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात घाम आणि धूळ, आणि घरात माग असेल तर हवेत तरंगणारा सुताचा तूस. मायक्रोफोनची जाळी तुंबायला एवढं पुरेसं आहे. रात्री प्रोसेसर सुकवणीच्या डबीत ठेवायचाच. बॅटरी उतरलेली असू शकते, कॉइलची वायर आतून तुटलेली असू शकते. मूल हे सांगत नाही. ते गप्प होतं, आणि घरचे समजतात की आज त्याचा मूड नाही.

चाचण्यांच्या खोलीबाहेरचं ऐकणं मोजायला प्रश्नावल्या आहेत. नॉटिंगहॅममध्ये तयार झालेली ‘कॅप’ ही श्रेणी शून्यापासून सातपर्यंत जाते: शून्यावर आसपासच्या आवाजांचं भान नाही, पाचवर ओठ न पाहता नेहमीची वाक्यं समजतात, सहावर ओठ न पाहता संभाषण, सातवर ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलता येतं. पालकांना विचारून भरायच्या दुसऱ्याही प्रश्नावल्या आहेत. मला त्या फार मोलाच्या वाटतात, एका अटीवर: विचारायचं कुणाला, हे नीट ठरवायला हवं. ज्या घरात आई-वडील कामावर असतात आणि मूल दिवसभर विड्या वळत बसलेल्या आजीपाशी असतं, तिथं उत्तरं आजीकडे असतात. ‘हाक मारली की पाठमोरा असताना वळतो का?’ हे तिला तेलुगूतून विचारलं तर ती दहा उदाहरणं देईल. मराठीतून विचारलं तर ‘हो’ म्हणून मोकळी होईल. आताचे बरेच प्रोसेसर दिवसातून किती तास वापरले याचीही नोंद ठेवतात. तो आकडा प्रत्येक भेटीत विचारावा. दिवसाला चार तास यंत्र लावणाऱ्या मुलाच्या शब्दचाचणीवर चर्चा करण्यात अर्थ नसतो.

शांत खोलीत नव्वद टक्के शब्द ओळखणारं मूल वर्गात गोंधळतं, कारण गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं ही इम्प्लांटची सगळ्यात दुबळी बाजू. शिक्षकांचा आवाज वर्गातल्या गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबलनं वर असावा असं मानतात. यंत्रमागाच्या खोलीत आवाज 90 डेसिबलच्या वर जातो, तिथं कुणाचंच बोलणं वर राहत नाही. मागाशेजारीच घर असलेल्या मुलाची चाचणी गोंगाटात घेतल्याशिवाय त्याच्या दिवसाचं चित्र मिळणार नाही. त्यासाठी शब्दांबरोबर पार्श्वभूमीला माणसांच्या बोलण्याचा गलका सोडतात आणि तो वाढवत नेतात.

पैशाची वाट पूर्वीपेक्षा बरीच मोकळी झाली आहे. 2014 मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या एडिप योजनेत लहान मुलांसाठी सहा लाख रुपयांपर्यंतच्या इम्प्लांटची तरतूद झाली आणि अली यावर जंग संस्थेकडे तिचं समन्वयाचं काम आलं. त्याआधी 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, अंगणवाड्यांत जाणारी पथकं अशी मुलं शोधतात. शस्त्रक्रिया होते. पण त्यानंतरची वर्षं हीच खरी लांब. पुण्याला मॅपिंगला जायचं तर पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस, चार तासांचा प्रवास, मग पेंगुळलेलं मूल ठोकळा हातात घेऊन बसणार. अशा मुलाच्या चाचणीवर किती विसंबायचं? काही यंत्रांची दुरून, इंटरनेटवरून जुळवणी आता शक्य आहे. शब्दचाचण्यांना तर शांत खोली, एक स्पीकर, चित्रांचा संच आणि त्या भाषेत बोलणारं माणूस एवढंच लागतं. हे सोलापुरात होण्यासारखं आहे. 1963 पासून शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेलुगू-कन्नड शिकवणाऱ्या शाळा आहेत, तिन्ही भाषा बोलणाऱ्या तरुणांची वानवा नाही.

म्हणून इम्प्लांट झालेल्या मुलाच्या सोलापुरातल्या आईबापांना माझी विनंती आहे. पुढच्या भेटीत ऑडिओग्रामचा कागद घेऊन परत फिरू नका. शब्दचाचणी घेतली का, कुठल्या भाषेत घेतली, चित्रं दाखवून की न दाखवता, शांततेत की गोंगाटात, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसह वहीत लिहून ठेवा. घरी कुठली भाषा बोलता ते पहिल्याच भेटीत सांगा, आजीला सोबत न्या. आणि सोलापूरच्या ऑडिओलॉजिस्ट, थेरपिस्ट मंडळींना आणि भाषेच्या शिक्षकांना विनंती की मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी या चारही भाषांतल्या मुलांना चालेल असा चित्रशब्दांचा एक संच एकत्र बसून तयार करा.